मांडवीतले गांधी: जंतुरोधक चाचणीसाठी माल कसा आहे?

औषधी वनस्पतींमधले जंतुरोधक घटक शोधायचे, असा प्रकल्प हातात पडला की बडोद्यात पाय आधी जुन्या शहरातल्या मांडवीकडे वळतात. तिथल्या गल्ल्यांत गांध्यांची, म्हणजे काष्ठौषधी विकणाऱ्यांची, जुनी दुकानं आहेत. बाळंतिणीच्या लाडवांचं सामान असो की खोकल्याचा काढा, सगळं तिथूनच घरात येतं. हे परीक्षण काढ्यासाठी नाही. तिथला माल मिथेनॉलमध्ये भिजवून त्याचा अर्क जंतूंसमोर ठेवायचा असेल तर ही दुकानं कितपत कामाची, एवढंच इथे पाहिलं आहे. कुठल्या एका दुकानाचं नाव घेत नाही, कारण गुण आणि खोडी सगळीकडे थोड्याफार फरकाने त्याच आहेत.

मत आधीच सांगून टाकतो. अख्खा माल घ्यायला ही जागा चांगली, चूर्ण घ्यायला वाईट, आणि दुकानदाराने सांगितलेल्या नावावर प्रबंध लिहायला तर मुळीच नाही.

चांगलं काय ते पहिल्यांदा. पन्नास ग्रॅमसुद्धा कटकट न करता तोलून मिळतं. प्रयोगशाळांना माल पुरवणाऱ्या कंपन्यांकडे ही सोय नसते. पोतं पुढे ओढून हाताने निवडू देतात. माल नवा की गेल्या वर्षीचा हे विचारलं तर बहुधा खरं सांगतात, कारण वैद्यही तेच विचारतात. गुजरातीच बोलली पाहिजे असं नाही. दांडिया बाजारातली निम्मी गिऱ्हाइकं मराठीतच बोलतात. ‘काका, कडाछाल आखी दाखवा, दळेली नको’ अशी बडोदेकरी खिचडी चालते. संध्याकाळी गर्दी असते. दुकान उघडल्या उघडल्या गेलात तर काका चार गोष्टी सांगतात, नाहीतर पुडी बांधून मोकळे.

आता खरी अडचण. गांधी वनस्पती विकत नाही, नाव विकतो. कडाछाल मागितली की कुड्याची साल मिळायला हवी, म्हणजे होलार्हेना प्युबेसेन्स. पण त्याच पोत्यात काळ्या कुड्याची, म्हणजे राइटिया टिंक्टोरियाची साल मिसळलेली असू शकते. बियांचंही तेच: कडू इंद्रजव आणि गोडे इंद्रजव शेजारी शेजारी ठेवलेले असतात. प्रयोगाच्या दृष्टीने या दोन झाडांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण ज्या अल्कलॉइडसाठी आपण ही साल घेतो ते कोनेसिन पहिल्यात आहे. पोत्यातून तुकडा उचला. खऱ्या कुड्याची साल मागे वळलेली, बाहेरून फिकट तपकिरी, उभ्या सुरकुत्यांची असते आणि त्यावर आडव्या बारीक पुळ्या दिसतात. आतली बाजू खरखरीत, सालपटं सुटणारी. मोडली तर कडकन तुटते आणि तुटलेल्या जागी कुसळं दिसतात. मुगाएवढा कण जिभेच्या टोकावर ठेवून थुंकून टाका: कडूपणा लगेच आला पाहिजे आणि रेंगाळला पाहिजे. मंद, तुरट चव आली तर पोतं बदलायला सांगा. ही जिभेची परीक्षा कुड्यापुरतीच. चित्रकाचं मूळ, गुंज, कुचला, बचनाग यांना तोंड लावायचं नाही. चित्रकाने तर कातडीलाही फोड येतात, त्यामुळे ते हातमोजे घालूनच निवडावं.

घरी किंवा प्रयोगशाळेत आल्यावर खात्री करायला दहा मिनिटं लागतात. दोन ग्रॅम पूड सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात कोमट करा, गाळा, गाळलेल्या पाण्यात ड्रॅगनडॉर्फचं द्रावण दोन थेंब टाका. नारिंगी-तांबडा साका आला तर अल्कलॉइड आहे. साका आला म्हणजे झाड बरोबर, असं मात्र नाही. त्यासाठी अर्कातले घटक वेगळे करणाऱ्या पातळ थराच्या पट्टीवर (टीएलसी) कोनेसिनचा प्रमाण नमुना शेजारी चालवावा लागतो.

करियातूचं प्रकरण याहून फसवं आहे. बडोद्यात हा शब्द टाकलात तर बहुतेकदा अँड्रोग्राफिस पॅनिक्युलाटा, म्हणजे आपल्याकडची ओली किराईत, हातात पडते. मराठी पुस्तकातून काडेकिराईत वाचून आलेल्याला हवी असते हिमालयातली स्वर्टिया. दोन्ही जहाल कडू, त्यामुळे जीभ इथे काही कामाची नाही. देठ बघा. अँड्रोग्राफिसचा देठ हिरवट आणि स्पष्ट चौकोनी असतो. बोटांत फिरवला तर कडा लागतात. स्वर्टियाची काडी तपकिरी-जांभळट, खालच्या बाजूला गोलसर, आत पिवळसर गाभा. नुसतं पान-देठाचं भरड चूर्ण दिलं तर हा भेद संपतो. अशोकाच्या सालीत याहून वाईट घोटाळा होतो. साराका अशोकाच्या जागी रस्त्याकडेच्या आसुपालवाची साल येते, आणि आसुपालवात स्वतःची डायटरपीन नावाची जंतुरोधक रसायनं आहेत. म्हणजे जंतूंच्या थाळीवर अर्काभोवती वाढ थांबल्याचं छान वर्तुळ उमटतं, विद्यार्थी खूश होतो, आणि प्रबंधात श्रेय अशोकाला जातं.

चूर्ण घेऊ नका याचं कारण भेसळ एवढंच नाही. दुकानातली चक्की एक असते. त्याच चक्कीत सकाळी हिरडा, दुपारी शिकेकाई आणि मधूनच तुरटी दळली जाते. गांध्याच्या फळीवर मोरचूद, टाकणखार, नवसागर, गंधक हे सगळं हाताशी असतं आणि तराजूचं पारडं फडक्याने पुसलं तरी कोपऱ्यात निळसर धूळ राहते. मोरचूद म्हणजे तांब्याचं सल्फेट. त्याचा अंश पुरेसा असला तर जंतू मरतात आणि वनस्पतीला नसलेला गुण चिकटतो. शंका आली तर पुडीतली थोडी पूड पाण्यात ढवळून गाळा, वर अमोनिया टाका. निळा रंग गडद झाला तर तांबं आलंय. तुरटीने अर्काचा पीएच खाली येतो, म्हणजे तो आम्ल होतो, तेही जंतूंना मानवत नाही. म्हणून अर्क थाळीवर ठेवण्याआधी पीएच पट्टी लावायची सवय हवी. साडेचारच्या खाली असेल तर मिळालेलं वर्तुळ वनस्पतीचं की आम्लाचं हे सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट दुकानात वास घेतल्यावर समजते. कापूर, पेपरमिंटचं फूल, ओव्याचं फूल हे उडून जाणारे पदार्थ आहेत. ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल, स्वतःच चांगलं जंतुनाशक. त्याच्या बरणीशेजारी कागदी पुडीत महिनोन्‌महिने ठेवलेली पानं हा वास पिऊन घेतात. अडुळशाच्या पानांना ओव्याचा वास येत असेल तर ती पानं घेऊ नका. पुडी रद्दीच्या कागदात बांधून देतात, त्यापेक्षा आपली कोरी खाकी पाकिटं न्यावीत आणि त्यावर तिथेच नाव, दुकान, तारीख, पोत्याची खूण लिहावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलसर मुळं कोंडली की चार दिवसांत बुरशी धरते, आणि बुरशी स्वतःच प्रतिजैविक बनवू शकते. पावसाळ्यात घेतलेला माल हाताला गार, लवचिक लागला तर त्यात ओल आहे. १०५ अंशांवर दोन ग्रॅम वाळवून वजन किती घटतं ते पाहा. दहा-बारा टक्क्यांच्या वर घट असेल तर परत करा. अख्खा माल परत घेतात, दळलेला घेत नाहीत.

आता काय घ्यावं. दारुहळद डोळे झाकून घ्या, ती इथली सगळ्यात निश्चिंत खरेदी. लाकूड तोडलं की आत पिवळंधमक दिसलं पाहिजे. ३६६ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली त्याच्या मिथेनॉल अर्काचा ठिपका पिवळा चमकतो, तो बर्बेरिनचा. बर्बेरिसच्या जागी कॉसिनियमचं लाकूड येतं आणि तेही पिवळं, तेही बर्बेरिनवालं. रसायन तेच असल्याने चाचणीचा निकाल फार बदलत नाही, पण वनस्पतीचं नाव चुकतं, आणि कॉसिनियम धोक्यात आलेली वेल आहे.

बर्बेरिनबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचा वेळ वाचतो. हा रेणू एकटा दुबळा आहे. स्टॅफिलोकोकस हा जंतू त्याला नॉर-ए नावाच्या पंपाने पेशीबाहेर फेकून देतो. २००० साली बर्बेरिस वंशातल्याच झाडांत या पंपाला अडवणारा पदार्थ, ५'-मेथॉक्सीहिडनोकार्पिन, सापडला. त्याला स्वतःला जंतू मारता येत नाहीत, पण बर्बेरिनसोबत असला की बर्बेरिन आत टिकतं. कच्चा अर्क जोरकस आणि त्यातून वेगळे केलेले अंश मात्र थंड, असं झालं की विद्यार्थी म्हणतात काहीतरी बिघडलं. बिघडलेलं नसतं; जोडी तोडली गेलेली असते. असे अंश पुन्हा दोन-दोन मिसळून पाहायचे. कुड्याच्या कोनेसिनचंही तसंच. स्यूडोमोनास या जंतूच्या मेक्सएबी-ओपीआरएम पंपाला ते अडवतं असं प्रयोगांत दिसलेलं आहे, म्हणून कुडा एकटा लावून ‘परिणाम नाही’ असं लिहिण्याआधी एखाद्या प्रतिजैविकासोबत चौकटीची चाचणी करावी, म्हणजे दोघांच्या चढत्या मात्रा एकमेकींत मिसळून पाहाव्यात. जोडीत लागलेली किमान मात्रा भागिले एकट्याने लागणारी किमान मात्रा, अशा दोघांच्या अपूर्णांकांची बेरीज ०.५ किंवा त्याखाली आली तर त्याला सहकार्य म्हणतात.

चित्रकमूळ घ्या, पण ताजं, यंदाचं. त्यातलं प्लंबॅजिन वाफेबरोबर उडतं. तव्यावर शेकलेलं किंवा उन्हात तापलेलं मूळ नुसतं लाकूड असतं. पेट्रोलियम ईथरमध्ये थोडी पूड हलवून वरचं द्रावण ओता, त्यात कॉस्टिक पोटॅशचं दहा टक्के द्रावण टाका: जांभळट-लाल रंग आला तर घटक आहे. अर्क आटवतानाही ४० अंशांच्या वर जाऊ नये. बावचीच्या बिया स्वस्त आणि भरवशाच्या, त्यातलं बॅकूचिऑल पेट्रोलियम ईथरमध्ये सहज येतं. ओवा मात्र मांडवीत किलोने घेण्यात अर्थ नाही. हाथीखान्याच्या घाऊक बाजारात ताजा आणि स्वस्त मिळतो. हिरडा, बेहडा, बाभळीची साल, अर्जुनसाल यांच्यापासून सुरुवात करू नका. ती भरपूर मिळतात, वर्तुळही मोठं देतात, पण ते टॅनिनचं काम असतं. टॅनिन समोर येईल त्या प्रथिनाला गोळा करतं, त्यात जंतूंचीही प्रथिनं आली आणि आपलीही. असा अर्क एक टक्का जिलेटीन व दहा टक्के मिठाच्या द्रावणात टाकला की लगेच गढूळ होतो. पीव्हीपीपी या टॅनिन धरून ठेवणाऱ्या पुडीच्या थरातून गाळून टॅनिन काढा आणि पुन्हा तपासा. जोर तिथेच संपला तर पुढे खर्च करण्यासारखं काही उरलेलं नाही.

किती घ्यायचं? प्रत्येक वनस्पतीचं पाव किलो. त्यातली पन्नास ग्रॅम पूड अर्काला, पन्नास ग्रॅम अख्खा माल जपून ठेवायला, बाकीचा पुन्हा करून बघायला. निवडून, वाहत्या पाण्यात झटकन धुऊन, सावलीत वाळवा. आपल्याच मिक्सरवर दळा, भांडं आधी मिथेनॉलने पुसा. ४० मेशच्या चाळणीतून चाळलेली पन्नास ग्रॅम पूड ५०० मिली मिथेनॉलमध्ये चोवीस तास, मधूनमधून हलवत. गाळा, उरलेल्या चोथ्यावर पुन्हा ५०० मिली, असं तीनदा. व्हॅटमन एक नंबरच्या कागदातून गाळून रोटरी बाष्पकात आटवा. मिथेनॉल पूर्ण गेलं की नाही ते वजनावरून ठरवा, वासावरून नाही. दोन वेळा तासाच्या अंतराने तोललं आणि वजन सारखं आलं की झालं. अर्क उणे २० अंशांवर, गडद बाटलीत.

थाळीबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथल्या चुका सगळ्यांना माहीत आहेत आणि तरी सगळे करतात. म्युलर-हिंटन अगर, म्हणजे जंतू वाढवायचं माध्यम, लिटरला ३८ ग्रॅम, १२१ अंशांवर १५ मिनिटं, थंड झाल्यावर पीएच ७.३. नव्वद मिलिमीटरच्या थाळीत २५ मिली ओतलं की चार मिलिमीटर जाडी येते. अंदाजाने ओतलेल्या थाळीत वर्तुळं मोठी-लहान होतात आणि दोष वनस्पतीवर जातो. जंतूंचं द्रावण ०.५ मॅकफरलंड या मानकाएवढं गढूळ. तो मानक बाजारातून आणायची गरज नाही: एक टक्का गंधकाम्ल ९.९५ मिली, त्यात १.१७५ टक्के बेरियम क्लोराइड ०.०५ मिली. ई. कोलाय एटीसीसी २५९२२ या संदर्भ-जंतूवर १० मायक्रोग्रॅम जेंटामायसिन या प्रतिजैविकाच्या चकतीचं वर्तुळ १९ ते २६ मिलिमीटरमध्ये नसेल तर त्या दिवसाच्या सगळ्या थाळ्या टाकून द्या, वनस्पतीचा आकडा वाचूसुद्धा नका.

खरं तर थाळी फक्त चाळणी म्हणून ठेवावी. बर्बेरिन पाण्यात जातं म्हणून पसरतं, बॅकूचिऑल तेलकट म्हणून अगरमध्ये तिथल्या तिथे बसतं. दोघांच्या वर्तुळांची तुलना करणं म्हणजे धावणाऱ्याची आणि पोहणाऱ्याची शर्यत लावणं. आकडा हवा तर ९६ खळग्यांच्या पट्टीवर किमान रोधक मात्रा, म्हणजे वाढ थांबवणारी सगळ्यात कमी मात्रा, काढा. अर्काचं १०० मिग्रॅ प्रति मिली द्रावण डीएमएसओ या द्रावकात, म्हणजे मिलीला १००० मायक्रोग्रॅमच्या खळग्यात डीएमएसओ एक टक्का राहतो. जंतूंचं प्रमाण शेवटी मिलीला ५ लाख. ३५ अंशांवर १६ ते २० तास, मग ०.०१५ टक्के रेझाझुरिन हा निळा रंग. निळा राहिला तर वाढ नाही, गुलाबी झाला तर आहे. इथली खोच अशी की चित्रकासारखे क्विनोन आणि हिरड्यासारखे पॉलिफिनॉल रेझाझुरिनचा रंग स्वतःच बदलू शकतात. म्हणून अर्क आणि माध्यम, पण जंतू नाहीत, असा एक खळगा प्रत्येक मात्रेला हवाच. ओव्याचं तेल तपासताना पट्टी झाकणाने नाही, चिकटपट्टीने बंद करा, नाहीतर त्याची वाफ शेजारच्या खळग्यांतले जंतूही मारते आणि सगळी पट्टी निळी दिसते. कच्च्या अर्काचा आकडा मिलीला १०० मायक्रोग्रॅमच्या आत आला तर पुढे जाण्यासारखं आहे. १००० च्या पुढे गेला तर थांबा, कितीही सुंदर फोटो आला असला तरी. ई. कोलायसारख्या ग्रॅम-ऋण जंतूंवर बहुतेक अर्क इथेच गळतात, कारण त्यांचं बाहेरचं आवरण आणि पंप दोन्ही आड येतात.

हे सगळं जमलं तरी गांध्याची पावती ही वनस्पतीची ओळख नव्हे, आणि परीक्षणातला सगळ्यात मोठा वजा गुण त्यालाच. दुकानातून आणलेली साल कुठल्या झाडाची, कुठल्या जंगलातली, कुठल्या महिन्यातली, यातलं काहीही दुकानदाराला माहीत नसतं आणि ते त्याचं कामही नाही. पानं, मुळं, साल वेगळी आणून त्यावरून नमुना-क्रमांक मागणाऱ्यांना वनस्पतिशास्त्र विभाग परत पाठवतो, आणि बरोबर करतो. त्यामुळे मांडवीचा माल पहिल्या चाळणीला वापरा. एखादा अर्क चांगला निघाला की तीच वनस्पती फुलाफळासकट मिळवून तिचा दाबून वाळवलेला नमुना महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ‘बारो’ या हर्बेरियमसारख्या ठिकाणी नोंदवावा आणि अर्क त्याच झाडापासून पुन्हा काढावा. आणंदजवळ बोरियावीला भारतीय कृषी संशोधन परिषदेचं औषधी व सुगंधी वनस्पती संशोधन संचालनालय आहे. लागवडीच्या वनस्पतींबद्दल तिथे विचारावं. जांबुघोडा अभयारण्य आहे, तिथून परवानगीशिवाय काही आणायचं नाही. पावागडच्या वाटेवर टोपलीत मुळं घेऊन बसणाऱ्यांकडूनही नको, कारण चित्रकाचं मूळ उपटलं की रोप गेलंच.

जंतूही कुठूनही घेऊ नयेत. चंदीगडच्या इमटेक संस्थेतला एमटीसीसी हा जंतुसंग्रह तुमच्या संस्थेच्या पत्रावर संदर्भ-जंतू पाठवतो. जखमेतला किंवा गटारातला जंतू घरच्या स्वयंपाकघरात वाढवून ‘प्रतिरोधी’ म्हणून लिहिणं धोकादायक आहे आणि निरुपयोगीही, कारण त्याच्याशी तुलना करायला दुसऱ्या कुणाकडे तो नसतो.

शेवटची एक व्यावहारिक सूचना, पावतीबद्दल. पक्की पावती आधी मागा, कारण पुडी बांधून झाल्यावर मागितली तर ‘पुढच्या वेळी’ होतं. पावतीवर ‘जडीबुटी’ असं एकच मोघम नाव लिहितात. प्रत्येक वस्तूचं स्थानिक नाव आणि वजन वेगळ्या ओळीत लिहून घ्या. नंतर पुन्हा तोच माल मागताना त्याचाच उपयोग होतो. आणि एका खेपेचा माल पुढच्या खेपेत मिसळू नका. दोन महिन्यांनी त्याच दुकानातून, त्याच नावाने आणलेली कडाछाल हा प्रयोगाच्या वहीत वेगळा नमुना आहे, त्याला वेगळा क्रमांक द्या.